ताम्रपट आणि प्रमाणपत्र

१९३९ साली वाशिममध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी इतिहास परिषदेत त्यावर निबंध मांडला. पुढे वा. वि. मिराशी यांनी महाजनांसह ‘एपिग्राफिया इंडिका’त तो पुन्हा संपादित केला आणि १९६३च्या वाकाटक लेखांच्या खंडात पुन्हा एकदा तपासून घेतला. या परिश्रमातून वाकाटकांची वत्सगुल्म शाखा निश्चित झाली आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखाचे जुने वाचनही दुरुस्त झाले. संशोधन म्हणजे आपले लेखन दुसऱ्याच्या हाती तपासायला देणे, हे मी या ताम्रपटाच्या इतिहासावरून शिकलो.

आणि तरीही मी फसलो. काही वर्षांपूर्वी मोबाइलवर निरोप आला : ‘आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, इम्पॅक्ट फॅक्टर असलेले मासिक, निबंध पाठवा.’ माझ्या नावामागे डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. आपल्यालाही कोणी विद्वान म्हणावे, हा मोह होता. वत्सगुल्मावरचा निबंध पाठवला. दुसऱ्याच दिवशी ‘स्वीकृत’ असे पत्र आले, सोबत शुल्काचा आकडा. पैसे भरले, प्रमाणपत्र मिळाले.

छापील निबंध वाचताना अंगावर काटा आला. ताम्रपटावर राज्यवर्ष ३७ आहे. मी २७ लिहिले होते. परीक्षकाने एकदा जरी मूळ लेख उघडला असता, तर चूक तिथेच सापडली असती. दुरुस्ती छापा म्हणून कळवले, तर पुन्हा शुल्क मागितले. पुढे एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात तेच २७ माझ्या नावासह दिसले. पैसे गेले त्याचे दुःख विसरता येते. ती चूक मात्र माझ्या नावावर राहिली आहे.

अशा लुबाडू नियतकालिकांचे पीक आले कशाने? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापणे सक्तीचे केले. २०१०पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजले जाऊ लागले. मोजणाऱ्याला वाचायची गरज उरली नाही. आयोगाच्या मान्य यादीची भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि अन्य कोणत्याही सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१८च्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. २०१९मध्ये ‘केअर’ यादी आली, तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे होते. २०२२मध्ये पीएचडीची ती सक्ती गेली. २०२५च्या फेब्रुवारीत केअर यादीही बंद झाल्याचे जाहीर झाले. मला हे अर्धवट वाटते : यादी गेली, गुणांची हाव राहिली. पारखण्याचे काम आता महाविद्यालयांवर आणि आपल्यावरच आले आहे.

म्हणून काही खुणा सांगतो. आयएसएसएन म्हणजे घराचा क्रमांक. घरात कोण राहते हे त्यावरून कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर कोणी दिला ते विचारा. तसल्याच नावाचे आकडे विकणारेही आहेत. संपादक मंडळातील एकाला स्वतः फोन करा. पुष्कळदा त्यांना आपले नाव तिथे असल्याचा पत्ताच नसतो. मराठी साहित्यापासून पशुवैद्यकापर्यंत सारे एकाच अंकात असेल, तर तपासणारा कोण, हे विचारा. जुन्या नामांकित नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळेही निघतात. छापील अंकावरचा पत्ता ताडून पाहा. परिषदेचेही तसेच. निबंध न वाचता, चर्चा न होता, शुल्क भरताच प्रमाणपत्र मिळत असेल, तर ते परिषदेचे नव्हे, पावतीचे दुसरे रूप आहे.

सगळ्यात सोपी कसोटी एकच. ज्याने तुमच्या निबंधात एकही चूक दाखवली नाही, त्याने तो वाचलेलाच नाही असे समजा.

माझा पुढचा निबंध एका जुन्या त्रैमासिकाकडून लाल शाईने भरून परत आला. चार महिने लागले. तीन वाचने चुकीची निघाली, एक परिच्छेद गेला. प्रमाणपत्र कपाटात तळाशी आहे. ते लाल शाईचे कागद मात्र मी टेबलावरच ठेवले आहेत.