पाटावरची शेवई आणि गाड्यावरचे नूडल्स

ताडकळसला दिवस मावळला की रस्त्याकडेच्या एका गाड्यावर मोठा बर्नर भडकतो. पाटीवर लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेले, शेजारी एक ड्रॅगन. रंगाऱ्याने तो काढताना नागोबा डोळ्यांसमोर ठेवला असावा. "काका, हाक्का लावू का ट्रिपल?" असे पोरगा विचारतो आणि उत्तर यायच्या आत कढई जाळावर चढवतो. गेल्या दोन वर्षांत मी या गाड्यावर सात-आठ वेळा खाल्ले आहे. मराठीत खाद्यसमीक्षा म्हणून जे लिहिले जाते ते पुण्या-मुंबईची हॉटेले सोडून सहसा बाहेर पडत नाही. पूर्णा तालुक्यातल्या गाड्यापर्यंत ते चुकून आलेच, तर 'हे कुठले चिनी?' एवढे विचारून माघारी फिरते. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो.

आधी ताटलीविषयी. या पोराचा जाळ उत्तम आहे. कोबी आणि सिमला मिरची कच्ची राहत नाही, मऊही पडत नाही, लसूण करपायच्या बेतात असताना तो व्हिनेगर मारतो, आणि त्या क्षणी येणाऱ्या वासासाठी वीस पावले जास्त चालावीत. नूडल्स मात्र वाईट. सकाळी उकडून, तेल चोळून, घमेल्यात ठेवलेले. दाताखाली येतात आणि काहीही विरोध न करता निघून जातात. म्हणजे ज्या वस्तूच्या नावाने ही ताटली विकली जाते, तीच तिच्यात सगळ्यांत दुबळी आहे.

हा पदार्थ चीनहून आलेला नाही; तो कोलकाता आणि मुंबईचा आहे. कोलकात्यात वसलेले हाक्का आणि कँटनी लोक दक्षिण चीनचे, म्हणजे भाताच्या मुलखाचे. त्याच कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात 'चिकन मांचुरियन' केले. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे आले, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी त्यांनी तशीच ठेवली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. १९८३ मध्ये मॅगी आली आणि नूडल हा शब्द घराघरात गेला. यात फसवणूक कसलीच नाही. मुंबईत जन्मलेला वडापाव जितका खरा, तितकेच मांचुरियन खरे. शेजवान चटणी तर लाल मिरची-लसणाच्या आपल्या चटणीचीच बहीण. सेचवानच्या स्वयंपाकातले जीभ बधिर करणारे फळ तिच्यात नसते. गंमत अशी की त्याच्याच कुळातले तिरफळ कोकणात माशांच्या कालवणात रोज पडते.

मांचुरिया चीनच्या ईशान्येला, हाक्का दक्षिणेचे, शेजवान नैर्ऋत्येचे. आमच्या पाटीवर जवळजवळ सगळा चीन आला आहे. राहिला तो वायव्येचा कोपरा, आणि परभणीकराला खरी ओळख पटावी असा तोच आहे.

मला ती ओळख फार दूर पटली. मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो असताना तिने फ्लशिंग भागात नेले. तिथल्या एका बाजारपेठेच्या तळघरात २००५ मध्ये 'शिआन फेमस फूड्स' नावाचे छोटे दुकान निघाले होते. आता त्याच्या बऱ्याच शाखा आहेत. प्लॅस्टिकची वाटी, कागदी रुमाल, टेबलावर फार वेळ बसायची सोय नाही. मेंढीचे मटण, भरपूर जिरे, सुक्या मिरचीचे तेल, आणि हाताने ओढून फाडलेल्या, पट्ट्यासारख्या रुंद गव्हाच्या फिती. पहिला घास घेतला आणि जिऱ्याने मी थबकलो. सोया सॉसच्या वासाची तयारी ठेवून गेलेल्या माणसाला तिथे मटणाच्या रश्शाचा वास आला. फितींना ताण होता. चावावे लागत होते. शान्शी आणि कान्सू हे कमी पावसाचे प्रांत. तिथे भातापेक्षा गहू जास्त, डुकराबरोबर मेंढी, आणि रेशीम मार्गाने आलेले जिरे. कान्सूतल्या लान्चौ शहराचे गोमांसाच्या रश्शातले नूडल्स हुई मुसलमानांनी नावारूपाला आणले. त्यांच्या वाटीची पाच लक्षणे सांगतात: रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर हिरवी, नूडल पिवळसर. हा पिवळसरपणा आणि ताण कणकेत घातलेल्या क्षाराने येतो. पूर्वी तो रानातल्या एका झुडपाच्या राखेतून काढत. आमच्याकडे पापडखार पापडात पडतो, शेवईत नाही.

पण ताण आमच्या शेवईतही असतो. उन्हाळ्यात आत्या बन्सी गहू ओलवून, सावलीत सुकवून दळायच्या आणि पीठ वस्त्रगाळ करायच्या. मिठाच्या पाण्यात घट्ट मळलेला गोळा तेलाचा हात लावून मुरत ठेवायच्या. मग पाटाचे एक टोक बाजेवर, एक मांडीवर. तळहाताखाली कणीक सरकत जायची आणि पाटाखाली दोऱ्यासारखी शेवई उतरायची. दुसरी बाई ती काठीवर झेलायची. लान्चौचा कारागीर कणकेची दोरी ओढून दुमडतो, पुन्हा ओढतो. आठ दुमडींत २५६ तार होतात. हातांची चाल वेगळी, पण गव्हातला चिवटपणा ओळखून त्याला न तोडता वाढवायचे, ही विद्या एकच. शेजारच्या छिंगहाय प्रांतात लाज्या इथे उपड्या वाडग्याखाली चार हजार वर्षांपूर्वीचे नूडल्स सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. ते गव्हाचे नव्हते, राळ्यासारख्या बारीक धान्याचे होते असे संशोधकांनी सांगितले. अशा पिठाची तार ओढता येते का, यावर वाद झाला. राळ्याचा भात खाल्लेल्या माणसाला त्या वादात भाग घ्यावासा वाटेल.

मग एकच विद्या दोन ठिकाणी इतकी वेगळी का वाढली? एक कारण शेतात आहे. परभणी हा ज्वारीचा मुलूख. इथल्या कृषी विद्यापीठाने वाणाला 'परभणी मोती' नाव दिले ते ज्वारीच्या. गहू सणाचा, म्हणून शेवई दुधा-गुळाची, आमरसाची, रुखवताची. ईदला शेजारून येणाऱ्या शीरखुर्म्यातही ती गोडच. तिखट रश्शात तिला कुणी रोजचे जेवण केले नाही.

दुसरे कारण मला जास्त टोचते. लान्चौत कणीक ओढणारा हात रस्त्यावर आला. त्याला गिऱ्हाईक मिळाले, मजुरी मिळाली. छिंगहायच्या हुआलोंग भागातले हुई लोक ती विद्या घेऊन चीनभर गेले आणि त्यांनी गावोगाव दुकाने थाटली. आमच्याकडचा हात वाड्याच्या माळवदावर राहिला, बाईचा राहिला, फुकट राहिला. शिवाय कोणाच्या हातची शेवई कोणाच्या घरात चालते, याचेही नियम होते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद केली, तेव्हा आपली पाकपुस्तके किती घरांत गेलीच नव्हती हे दिसले. गाड्याची बाजू घ्यायची तर इथे घ्यावी लागते. त्याच्या बाकड्यावर कोण कोणाशेजारी बसले आहे हे कोणी विचारत नाही, आणि कढई कोणाच्या हातात आहे हेही नाही. 'हे कुठले चिनी?' विचारणाऱ्याला हे दिसत नाही.

आता शेवया यंत्रावर होतात. गहू नेऊन द्यायचा, संध्याकाळी पिशवी आणायची. ते वाईट म्हणवत नाही. आत्यांचे गुडघे मी पाहिले आहेत. एकदा गाड्यावरचे नूडल्स मी त्यांच्यासाठी बांधून नेले. त्यांनी एक तार दोन बोटांत धरून ओढली. लगेच तुटली. "पीठ मुरूच दिलं नाही रे ह्यानं," एवढे म्हणून त्यांनी मात्र सगळी पुडी संपवली. "लसूण चांगला भाजतो पोरगा."

या उन्हाळ्यात त्यांनी हट्टाने पायलीभर शेवया पाटावर केल्या. त्यातल्या थोड्या मी गाड्यावर नेऊन दिल्या. पोराने उकळत्या पाण्यात टाकल्या. निम्म्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. उरलेल्या त्याने जाळावर परतल्या. त्या चावाव्या लागल्या. जिरे त्याच्याकडे नव्हते, ते मी घरून पुडीत नेले होते. त्याने स्वतः दोन घास खाल्ले, तिसराही खाल्ला, आणि विचारले, "काका, आत्या किलोला किती घेतात?"

मला सांगता येईना. घरी येऊन आत्यांना विचारले, तर त्या आधी हसल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "किती देतो म्हणतो?"