झाडीपट्टीतील वीरनाट्याचा शेवटचा अंक

धानाची कापणी आटोपली म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. वडशाला, म्हणजे सरकारी दप्तरातील देसाईगंजला, नाट्यमंडळ्यांच्या कचेऱ्या थाटलेल्या असतात. गावोगावची मंडळे तेथे इसार देऊन तारीख मुक्रर करतात, आणि ठरल्या रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही. या रंगभूमीचे कौतुक पुष्कळ झाले, चिकित्सा अल्प झाली. येथे विचार करावयाचा आहे तो तिच्या एकाच अंगाचा, वीररसप्रधान ऐतिहासिक नाटकाच्या शेवटाचा.

अशा नाटकाचा शेवट कोणास ठाऊक नसतो? संभाजीराजांचा अंत ११ मार्च १६८९ रोजी झाला, हे शाळकरी पोरही सांगेल. 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका सप्टेंबर २०१७ पासून सुमारे अडीच वर्षे घरोघर चालली आणि ऐन नाटकांच्या हंगामात, फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस संपली, तेव्हाही पुढे काय होणार हा प्रश्न कोणास पडलाच नव्हता. चर्चा झाली ती त्या अंताकडे आपल्याला कसे नेले याची. मालिकेच्या प्रेक्षकाला मात्र सहवासाची सवय जडते, आणि निरोपाच्या वेळी ती सवयच गहिवरते, त्यामुळे त्याच्या निवाड्यात ममत्वाची भेसळ असते. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाजवळ एकच रात्र असते. त्याला पाझर फोडायचा तर तो त्याच रात्री फोडावा लागतो.

शिवाय या प्रेक्षकाची नजर तयार असते. नाटकाच्या जोडीने शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरविण्याची या भागातील रीत जुनी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली, आणि पट पुन्हा सुरू झाले. दिवसा दोन जोड्या धुरळा उडवीत सुटताना कोणती बाजी मारील हे खरोखर अज्ञात असते. तोच माणूस रात्री चादर अंगाभोवती घेऊन रंगमंचासमोर बसतो, तेव्हा निकाल ठाऊक असला तरी झुंज त्याला खरी हवी असते.

ती त्याला मिळते काय? मध्यरात्रीचा उत्तम काळ लावणी-नृत्यांत जातो. तिकिटांचा हिशेब पाहता निर्मात्याला त्याबद्दल फार दोष देता येत नाही. मग शेवटचा अंक उरलेल्या वेळात कोंबला जातो. धूर सोडतात, दिवे लाल होतात, ध्वनिमुद्रित खणखणाट सुरू होतो, आणि दोन नट अंतर राखून तलवारी हवेत फिरवितात. वार कोणाचा, तो कोणी झेलला, कोण का कोसळला, काही कळत नाही. अशाच एका प्रयोगानंतर सकाळी चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या रसिकाने निकाल दिला: "राजा पकडल्या गेला बाप्पा, पन लढला कवा?" छापील समीक्षेत याहून नेमके वाक्य माझ्या वाचनात नाही.

याउलट गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा शेवट या भूमीत टिकून राहिला. पद्मश्री (२०२३) परशुराम खुणे यांचा तळीराम येथे गाजला. त्या नाटकाचा डोलारा संवादांवर उभा. शब्द तोंडपाठ असले, चुकल्यास विंगेतून सांगणारा असला, की अंत साधतो. वीरनाट्याच्या शेवटाची संहिता निम्मी शरीरात असते, आणि ती विंगेतून सांगता येत नाही. दांडपट्टा, फरीगदगा, लाठी या विद्या हाताला हात लावून शिकवाव्या लागतात. पुण्या-मुंबईच्या नटनट्यांची बिदागी ठरविणाऱ्या मंडळ्यांनी वस्ताद नेमून हंगामापूर्वी महिनाभर तालीम करविल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. खर्च म्हणाल, तर तो एका नर्तिकेच्या हंगामी मानधनाहून अधिक होईल असे वाटत नाही. प्रश्न एवढाच, की तो पहाटे तीननंतर जागे असणाऱ्यांसाठी करावा असे कोणा निर्मात्याला वाटते काय.