बिंदूनंतरचा अंक

मानसोपचार विभागातल्या केसपेपरवर, औषधांच्या नावांच्या वर, पुष्कळदा एक छोटी नोंद असते: 'एफ ३२.१'. रुग्ण ती पाहतो आणि कागद घडी करून खिशात ठेवतो. नातेवाइकांचे लक्ष गोळ्यांच्या वेळांकडे असते. पण ती चार अक्षरे एका मजकुरातून आलेली आहेत आणि तो मजकूर शब्दशब्द वाचावा असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतले मानसिक विकारांचे प्रकरण वर्णनांसह वेगळे छापले. निळ्या मुखपृष्ठामुळे डॉक्टर मंडळी त्याला 'ब्लू बुक' म्हणतात. त्यात डिप्रेसिव्ह एपिसोडला, म्हणजे एफ ३२ला, मोजकीच पाने मिळाली आहेत. ती अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून सिद्ध केली, त्यामुळे त्यांच्यावर एका लेखकाचा ठसा नाही. तरीही माणसाच्या दुःखाविषयी इतके जपून लिहिलेले गद्य मी फार थोडे वाचले आहे.

आधी त्याचा साचा पाहू. 'एफ' म्हणजे पाचवे प्रकरण, मानसिक व वर्तनविषयक विकारांचे. पुढचा ३ भावावस्थेच्या विकारांचा, आणि त्यातला २ नैराश्याच्या पहिल्या, एकट्या प्रसंगाचा. तो पुन्हा आला तर एफ ३३. वर्षानुवर्षे मंदपणे चालणारे नैराश्य एफ ३४.१मध्ये. मधूनमधून उन्मादही येत असेल तर एफ ३१. इथपर्यंतचे अंक फक्त पत्ता सांगतात. खरा मजकूर बिंदूनंतर सुरू होतो: शून्य म्हणजे सौम्य, एक म्हणजे मध्यम, दोन म्हणजे तीव्र, तीन म्हणजे भास-भ्रमांसह तीव्र. त्यापुढे हवा तर आणखी एक अंक.

हा साचा काय टाकून तयार झाला ते कळले की त्याची किंमत कळते. रोगांची ही यादी मुळात मृत्यूच्या कारणांची. ती झाक बर्टियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३मध्ये मांडली. १९४८च्या सहाव्या आवृत्तीत तीत मानसिक विकारांचा स्वतंत्र विभाग आला. नवव्या आवृत्तीपर्यंत नैराश्य प्रामुख्याने दोन वेगळ्या घरांत राहत होते. एक २९६ क्रमांकाखाली मनोविक्षिप्तीच्या शेजारी, दुसरे ३००.४ या क्रमांकाखाली 'न्यूरॉटिक' म्हणून. त्यामागची समजूत अशी की एक आतून, शरीरातून उगवते आणि दुसरे परिस्थितीमुळे किंवा स्वभावामुळे येते. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचे नीट ऐकण्याआधीच त्याचे दुःख कुठून आले याचा निवाडा डॉक्टरला करावा लागे. दहाव्या आवृत्तीने ही भिंत पाडली. नैराश्य का आले हे ती सांगत नाही. ते कसे दिसते, किती दिवस आहे, किती खोल आहे, एवढेच विचारते. आपले वर्णन कोणत्याही सिद्धान्ताचा पुरस्कार करत नाही, असे हे पुस्तक सुरुवातीलाच स्पष्ट करते. कारणाविषयी गप्प राहण्याचा हा संयम मला या पानांचा पहिला गुण वाटतो.

दुसरा गुण वर्णनाच्या क्रमात आहे. तीन मुख्य लक्षणे आधी येतात: मन उतरलेले असणे, कशात रस आणि आनंद न उरणे, आणि शक्ती ओसरून थोड्या कामानेही थकून जाणे. मग सात आणखी: लक्ष न लागणे, स्वतःवरचा विश्वास कमी होणे, अपराधीपणा आणि आपण कुचकामी असल्याची भावना, पुढचे सगळे अंधारलेले दिसणे, स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार वा कृती, झोप बिघडणे, भूक मंदावणे. हा क्रम मनातून देहाकडे जातो. रुग्णाचे बोलणे मात्र पुष्कळदा उलट्या दिशेने येते. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात माणूस सांगतो, "अंगात त्राणच नाही," "जेवण जात नाही," "पहाटे तीनलाच जाग येते." मन उतरल्याचे त्याला सर्वांत शेवटी, तेही विचारल्यावर, सांगता येते. मजकुराने शरीराची ही भाषा बाहेर ठेवलेली नाही. थकवा तर त्याने पहिल्या तिघांतच बसवला आहे. चिडचिड, दारूचे वाढलेले प्रमाण, एखाद्या आजाराची सतत लागलेली धास्ती यांच्या आड नैराश्य दडू शकते, याचीही आठवण तो करून देतो.

मग मोजणी येते. सौम्य म्हणायला मुख्य तिघांपैकी दोन आणि इतरांतली किमान दोन. मध्यमला इतरांतली तीन, शक्यतो चार. तीव्रला मुख्य तिन्ही आणि इतरांतली चार किंवा अधिक. मुदत साधारण दोन आठवडे. ही बेरीज कोरडी वाटते, पण तिच्यात सवलती किती आहेत ते पाहावे. आजार फार झपाट्याने आणि फार तीव्रपणे आला असेल तर दोन आठवडे थांबू नये. जो माणूस इतका मंदावला आहे की त्याला स्वतःची लक्षणे सांगताही येत नाहीत, त्याची यादी अपुरी भरली तरी 'तीव्र' म्हणता येते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाच्या किंवा बौद्धिक विकलांगता असलेल्या माणसाच्या बाबतीत हा मजकूर बजावतो की त्या अवस्थेमुळे उपचार करता येण्याजोगे नैराश्य नाकारले जाऊ नये. त्यांना बोलून सांगता येणार नाही, म्हणून हालचालीतला संथपणा, उतरलेले वजन, तुटलेली झोप यांच्याकडे पाहा, असे तो सांगतो. नियमाची पुस्तके सहसा बोलू शकणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. इथे न बोलू शकणाऱ्यासाठी ओळ राखून ठेवली आहे, आणि ती वाचताना मी दर वेळी थांबतो.

पण या पानांतला सर्वांत मोलाचा परिच्छेद तीव्रतेविषयीचा आहे. माणूस कामाला जातो का, घर चालवतो का, लोकांत मिसळतो का, यावरून त्याच्या आजाराची खोली मोजावी असे कोणालाही वाटेल. मजकूर म्हणतो, हा अंदाजाला उपयोगी आहे. आणि लगेच पुढे सांगतो की व्यक्तीचे, समाजाचे आणि संस्कृतीचे प्रभाव इतके सर्रास आणि इतके प्रबळ असतात की कामकाजाला तीव्रतेचा अनिवार्य निकष बनवणे शहाणपणाचे नाही. हे वाक्य मराठी घरात बसून वाचावे. पहाटे उठून डबे करणारी, दूध तापवणारी, मुलांची वेणीफणी करणारी, आणि हे सगळे करताना आपण नसतो तर बरे झाले असते असे रोज मनात आणणारी बाई आपल्याला ठाऊक आहे. 'तिचं काय, ती तर सगळं करते' असे घर म्हणते. सोयाबीन हातचे गेले तरी सोसायटीच्या बैठकीला येऊन खाली मान घालून बसणारा माणूसही ठाऊक आहे. काम चालू आहे म्हणजे माणूस बरा आहे, हा आपला समज किती घातकी आहे हे त्या एका परिच्छेदाला माहीत आहे. जगभरच्या डॉक्टरांसाठी लिहिणाऱ्यांना प्रत्येक देशातली घरे माहीत असणे शक्य नव्हते. आपल्याला न दिसणाऱ्या घरांसाठी त्यांनी जागा मोकळी सोडली, ही मला त्यांची मोठी समज वाटते.

पाचव्या अंकाची गोष्ट वेगळ्या कारणासाठी वाचण्यासारखी आहे. सौम्य आणि मध्यम प्रकारांना त्यापुढे शून्य किंवा एक जोडता येतो: शारीरिक लक्षणसमूह नाही, किंवा आहे. नेहमीपेक्षा दोन तास वा अधिक आधी जाग येणे, सकाळी मन जास्त जड असणे, चांगल्या बातमीनेही न हलणे, महिन्याभरात पाच टक्के किंवा अधिक वजन उतरणे, अशी काही लक्षणे त्यात येतात. साधारण चार हवीत. पण दोन-तीनच असूनही विलक्षण तीव्र असतील तर हा अंक द्यायला हरकत नाही. हा समूह शास्त्रीयदृष्ट्या खरा आहे की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नव्हते. समितीने तो वाद मिटवल्याचा आव आणला नाही. ज्यांना नोंदवायचा आहे त्यांनी नोंदवावा, ज्यांना पटत नाही त्यांनी सोडून द्यावा, बाकीची माहिती तशीच शाबूत राहील, अशी त्या संकेतांकाची रचनाच केली. शरीरक्रियाशास्त्रीय किंवा जीवरासायनिक मोजमाप हाती येईपर्यंत भावावस्थेच्या वर्गीकरणावर मतभेद राहतील, हेही पुस्तकाच्या प्रारंभी मोकळेपणाने लिहिले आहे. अधिकारवाणीने बोलणाऱ्या ग्रंथाने आपल्याच पानावर आपली मर्यादा लिहून ठेवावी, हे दुर्मीळ आहे.

इथे मला महानुभाव परंपरा आठवते. केसोबासांनी चक्रधरस्वामींची वचने सूत्रपाठात गोळा केली, पण सूत्र एकटे वाचायचे नसते. ते कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे प्रकरण त्याच्यासोबत वाचायचे असते. एफ ३२.१ हेही असेच सूत्र आहे. त्याचे प्रकरण केसपेपरवरच्या चार-सहा ओळींत असते: झोप कधीपासून गेली, कोण वारले, कर्ज किती, पूर्वी असे झाले होते का. त्या ओळी नसतील तर सूत्र मुके होते.

आणि म्हणूनच 'बिंदू नऊ'विषयी थोडे कठोर बोलावेसे वाटते. एफ ३२.९ म्हणजे तीव्रता न सांगितलेले नैराश्य. रात्रीच्या अपघात विभागात, पाच मिनिटांच्या भेटीत, माहिती खरोखरच अपुरी असते तेव्हा हा अंक प्रामाणिक आहे, त्यासाठीच तो आहे. पण तिसऱ्या-चौथ्या भेटीतही तोच नऊ खाली उतरत राहतो तेव्हा कोणीतरी विचारायचे राहून गेलेले असते. पुणे, नवी मुंबई, चेन्नई, हैदराबाद इथे अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट वाचणाऱ्या मेडिकल कोडर मुलामुलींना हे चांगले माहीत आहे. डॉक्टरने नुसते 'डिप्रेशन' लिहिले असेल तर स्वतःच्या मनाने 'मॉडरेट' लावण्याचा त्यांना अधिकार नसतो. जे लिहिले तेवढेच कोड होते. अमेरिकेच्या सुधारित संहितेत तर नुसते 'डिप्रेशन' लिहिले की ते मोठ्या नैराश्यविकाराच्या एफ ३२.९मध्येच जाई. ऑक्टोबर २०२१पासून त्यासाठी एफ ३२.ए हे वेगळे घर दिले गेले. केवळ उदास असल्याची नोंद झालेल्या माणसावर मोठ्या आजाराचे नाव बसू नये, एवढ्यासाठी एक अक्षर वाढवले. मला तो बदल योग्य वाटतो.

आपल्याकडे या अंकांना कायद्याचेही वजन आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजार ठरवताना मान्य वैद्यकीय निकष पाहायचे असतात, आणि त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचा नावानिशी उल्लेख आहे. आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी 'वेडसर' ठरत नाही, त्यासाठी न्यायालयाने तसे ठरवावे लागते, हेही त्याच कायद्यात आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यावा असे तो विमा कंपन्यांना सांगतो. दाव्याच्या कागदावर संकेतांक असतो. तो नीट लिहिलेला नसेल तर भांडण कुटुंबाच्या माथी येते, आणि त्या वेळी भांडायचे बळ त्या घरात नसते.

२०१९मध्ये अकरावी आवृत्ती मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२पासून अमलात आली. एफ ३२च्या जागी ६ए७० आले. त्यात काही गोष्टी निश्चितच सुधारल्या. आशा संपल्याची भावना आता थेट त्याच नावाने यादीत आहे. जवळचे माणूस गेल्यावरचा शोक आणि नैराश्य यांत गल्लत होऊ नये म्हणून शोकाच्या काळात अधिक मुदत आणि अधिक ठळक लक्षणे मागितली आहेत. दहा लक्षणांपैकी पाच हवीत आणि त्यांत मन उतरणे किंवा रस जाणे यांपैकी एक असलेच पाहिजे, ही मोजणीही सुटसुटीत आहे. मात्र थकवा पहिल्या रांगेतून उठवून मागे, झोप आणि भूक यांच्या शेजारी बसवला आहे. हे मला खटकते. निदान त्यामुळे चुकेलच असे मी म्हणत नाही, इतर लक्षणे विचारली तर सापडतील. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन मिनिटे मिळालेल्या डॉक्टरपुढे जी बाई फक्त एवढेच म्हणते, "डॉक्टर, नुसती गळून गेल्यासारखी झालेय," तिचे हे पहिले वाक्य जुन्या पानात पहिल्या तीन लक्षणांत मोजले जात होते. नव्या पानात ते ऐकल्यावर डॉक्टरला आणखी एक प्रश्न आपणहून विचारावा लागेल.