बोटांतील व्याकरण

कॅरन एमरी यांनी संपादिलेला, संकेतभाषांतील वर्गदर्शक रचनांविषयीचा २००३ सालचा लेखसंग्रह आम्ही नुकताच वाचून संपविला. ग्रंथ भाषाशास्त्रज्ञांसाठी आहे; परंतु त्यातील मुख्य वाद न्यायालयाच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

'चार जण आले' असे आपण म्हणतो. 'चार जण बैल' असे म्हणत नाही. 'जण' हा शब्द मोजलेली वस्तू मनुष्यवर्गातील आहे एवढेच सांगतो. अमेरिकन संकेतभाषेत असे वर्ग हाताची आकृती दाखविते. अंगठा वर, तर्जनी व मध्यमा पुढे, ही वाहनाची आकृती. मोटार, सायकल, होडी या साऱ्यांना तीच. आधी मोटारीची खूण करावयाची, मग हा हात, झाड म्हणून उभ्या धरलेल्या दुसऱ्या हाताजवळून न्यावयाचा. नृत्यातील हस्तमुद्रेशी याची गल्लत नको. मुद्रा गुरूपाशी शिकावयाची. ही भाषा कर्णबधिर आईबापांचे मूल घरातच उचलते.

टेड सुपाला यांनी १९८२ च्या प्रबंधात आकृती व गती दोन्ही ठराविक घटकांची जुळणी आहेत असे मांडले. या संग्रहात स्कॉट लिडेल त्यास हरकत घेतात: हात जेथे ठेवावयाचा त्या जागा अगणित, त्यांचा कोश होणार कसा? आमचा कौल लिडेल यांच्याकडे झुकतो, पण अर्धाच. जागा मोजून संपत नाहीत हे खरे. आकृती मात्र रूढ आहे, आणि रूढी म्हणजेच व्याकरण. ग्रंथाचा दोष सांगावयाचा तर कागदावर गती थिजते. खुणा न जाणणाऱ्या वाचकास चित्राखालील भाषांतरावरच विसंबावे लागते.

भेद क्षुल्लक नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ अन्वये, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष तोंडी पुरावाच ठरते. दुभाषी किंवा विशेष शिक्षक घ्यावा लागतो, चित्रण करावे लागते. आपल्याकडील संकेतभाषेच्या आकृती अर्थातच वेगळ्या तपासाव्या लागतील, अमेरिकेच्या उसन्या चालणार नाहीत. पण असल्या आकृतीस चित्र समजणारा वकील उलटतपासणीत बोटांवरून गाडीचा आकार विचारील, आणि साक्षीदार निष्कारण खोटा ठरेल. उलट, सारेच रूढ संकेत मानणारा दुभाषी 'गाडी झाडाजवळून गेली' एवढेच सांगेल. दोन हातांमधले जे अंतर साक्षीदाराने जपून दाखविले, ते नोंदीत येणारच नाही.