वाऱ्यावाचून पडलेले हिम

निसर्गाच्या कोपाची कथा सांगताना लेखक बहुधा वादळाला प्रतिनायकाचे काम देतो. वारा घोंघावतो, वृक्ष उन्मळतात आणि मनुष्य त्यांच्याशी झुंज घेतो. आडाल्बर्ट स्टिफ्टर (१८०५–१८६८) या ऑस्ट्रियन कथाकाराच्या ‘बेर्गक्रिस्टाल’ म्हणजे ‘स्फटिक’ या कथेतही दोन मुले हिवाळ्यात डोंगरातील वाट चुकतात व मृत्यूच्या दाराशी जातात. परंतु त्या सबंध प्रसंगात वारा मात्र नाही. या कथेचे मर्म या एका अभावात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ग्शाइड या खेड्यातील जोडे शिवणाऱ्या कारागिराने पलीकडच्या खोऱ्यातील मिल्सडॉर्फ गावच्या रंगाऱ्याची मुलगी बायको करून आणली आहे. दोन गावांत अंतर एका खिंडीचे. तरी गावाच्या लेखी ती परकीच, आणि तिची मुलेही अर्धी परकी. नाताळच्या आदल्या दिवशी कोनराड व त्याची धाकटी बहीण सान्ना पायी आजोळी जातात. परतताना हिम पडू लागते. खिंडीत एका मृत पाववाल्याच्या स्मरणार्थ उभारलेला तांबडा स्तंभ हीच वाटेची खूण. पण तो कोसळलेला आहे, हे मुलांनी जातानाच पाहिलेले असते. आता तो हिमाखाली दिसेनासा होतो. मुले उतरण्याऐवजी चढत जातात, थेट हिमनदीवर पोहोचतात आणि दगडांच्या आडोशाला रात्र काढतात.

ही कथा प्रथम १८४५ साली निराळ्या नावाने प्रसिद्ध झाली व सुधारलेल्या स्वरूपात १८५३ च्या ‘बुंटे श्टाइने’ (रंगीत दगड) या संग्रहात आली. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत स्टिफ्टरने आपली भूमिका मांडली आहे. हवेचे वाहणे, पाण्याचे झुळझुळणे, धान्याचे वाढणे यांना तो थोर मानतो. वीज, वादळ, ज्वालामुखी यांना त्यांहून लहान. मनुष्यजीवनातही संयम व नित्याचे कर्तव्य यांतच त्याला मोठेपणा दिसतो. यालाच तो सौम्य नियम म्हणतो. यावर सहज आक्षेप येईल की, ज्याला सौम्याची एवढी महती वाटते, त्याने आपल्या उत्तम कथेचा आधार म्हणून प्राणघातक हिमवर्षावच का घ्यावा?

उत्तर त्या हिमाच्या वर्णनात आहे. ते सरळ, निःशब्द व अखंड पडते. ते मुलांवर चाल करून येत नाही. फक्त पाऊलवाट व खुणा झाकून टाकते. संकट जन्मते ते त्याच्या मृदुतेतून. आणि अखेरीस मुलांचे आजोबाच बजावतात की, वारा सुटला असता तर मुले हाती लागली नसती. ज्या शांततेने वाट चुकविली, तिनेच जीव राखले. सान्नाचेही असेच आहे. भावाच्या प्रत्येक शब्दाला ती होकार देते. या विश्वासामुळेच ती त्याच्यामागे चुकीच्या दिशेने चढते, आणि या विश्वासामुळेच रात्रभर जागी राहते. आजीने आईसाठी दिलेली काळी कॉफी दोघे घोट घोट घेतात. झोप म्हणजे मृत्यू हे कोनराड ऐकून आहे. एक घरगुती बाटली व एका वडीलधाऱ्याचे जुने सांगणे, एवढ्यावर प्राण तगतात. १८५० पासून प्राथमिक शाळांचा निरीक्षक असलेल्या या लेखकाला लहान मुलाची स्मृती काय धरून ठेवते याची जाण होती, असे येथे वाटल्यावाचून राहत नाही.

आरंभीचे डोंगर-वाटांचे दीर्घ वर्णन काही वाचकांना कंटाळवाणे वाटते. ते वगळून कथा शिकविणाऱ्या शिक्षकाने मात्र सावध असावे. ती वाट आपल्या परिचयाची झाली नाही, तर ती हरवल्याचे भयही आपल्याला जाणवणार नाही.

शेवटी गाव मुलांना आपली मानतो, कारण त्याने त्यांना डोंगरावरून उतरवून आणले आहे. हे आपलेपण मुलांच्या पराक्रमाचे बक्षीस नव्हे. शोधणाऱ्यांनी रात्रभर जे कष्ट घेतले, त्यांतून ते निपजले. ज्याच्यासाठी आपण झिजतो तो आपला होतो, ही दृष्टी फार खोल आहे. पण येथेच एक उणीवही जाणवते. मुलांबरोबर आईही गावची झाली, हे लेखक एका वाक्यात उरकतो. वर्षानुवर्षे जिने परकेपण सोसले, तिच्या मनात त्या दिवशी काय आले, हे आपल्याला कळत नाही. खिंडीपलीकडून आलेली सून किती काळ ‘पलीकडची’ राहते, हे सीमेवरच्या गावांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. त्यांना हे मौन अधिकच जाणवेल.

सान्ना आईला सांगते की, रात्री डोंगरावर तिला पवित्र ख्रिस्त दिसला. आपण मात्र आकाशात फाकलेला प्रकाश पाहिलेला असतो. लेखक तिला दुजोरा देत नाही, खोडूनही काढीत नाही. निवाडा न देण्याचा हा संयम म्हणजे त्याच्या सौम्य नियमाचेच पालन होय.