विज्ञाननिष्ठेवरचे दोन लेख आणि दोन मापे

आपल्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती संविधानात आली. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक. ‘विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन’ ही कल्पना आपल्याकडे रुजली ती मुख्यतः पंडित नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’मुळे. हे पुस्तक त्यांनी १९४४ साली नगरच्या भुईकोट किल्ल्यात, कैदेत असताना लिहिले. विज्ञानाचे क्षेत्र मर्यादित असले, तरी त्यातून येणारी मनोवृत्ती त्या क्षेत्राबाहेरही उपयोगी पडावी, असा त्यांचा आशय होता.

या कल्पनेवर १९८१ मध्ये ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात दोन लेख आले. जुलैमध्ये पी. एन. हक्सर, राजा रामण्णा, पी. एम. भार्गव आदींच्या सह्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले, तर ऑक्टोबरमध्ये आशीष नंदी यांचे प्रतिनिवेदन. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना युक्तिवाद तपासायला शिकवायचे असेल, तर आम्हांला ही जोडी फार उपयोगाची वाटते.

निवेदनाची मांडणी सरळ आहे. विज्ञाननिष्ठा म्हणजे माहितीचा साठा नव्हे, ती विचाराची व वागण्याची रीत आहे. विज्ञानाच्या पद्धतीने मिळालेले ज्ञान हे त्या काळापुरते सत्याच्या सर्वांत जवळचे मानावे आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या गोष्टींना प्रश्न विचारावेत. समाजरचनाच उपाय अडवत असेल, तर तो अडसरही उघडा करावा. येथे व्याख्या स्पष्ट आहे आणि ‘त्या काळापुरते’ म्हणण्यात नम्रताही आहे. मात्र देशात अविवेक वाढतो आहे हे मोठे विधान पुरेशा पुराव्याशिवाय येते. जी कसोटी इतरांना लावा म्हणून सांगितले, ती लेखकांनी स्वतःच्या विधानाला लावलेली दिसत नाही.

नंदी नेमके येथेच बोट ठेवतात. त्यांचा मुख्य आक्षेप असा : विज्ञानाने काही चांगले घडले की श्रेय विज्ञानाला द्यायचे आणि वाईट घडले की दोष समाजाला किंवा गैरवापराला द्यायचा, हे कसे चालेल? कितीतरी वैज्ञानिक शस्त्रास्त्रांच्या कामात गुंतलेले आहेत. मग ते विज्ञानाच्या हिशेबात का धरायचे नाही? सामान्य माणसाच्या समजुतींना नावे ठेवण्याआधी त्याचे जगणे समजून घ्या, असे ते सुचवतात. आक्षेप बिनतोड आहे. पण पुढे नंदीही तेच करतात. विज्ञानाला ते त्याच्या व्यवहारावरून तोलतात आणि परंपरेला तिच्या उत्तम हेतूवरून.

म्हणजे दोन्ही लेखांत दोन मापे आहेत. आपली बाजू आदर्शाच्या मापाने आणि दुसऱ्याची व्यवहाराच्या मापाने मोजली जाते. वाचकाला लेख पटतो तो अनेकदा या न दिसणाऱ्या मापबदलामुळे.

हे वर्गात समजावण्यासाठी नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्याला ओळखीचा असलेला पाणाड्या घेऊ. तळहातावर नारळ किंवा हातात झाडाची दुबेळकी घेऊन तो विहिरीची जागा दाखवतो. निवेदनाचा वाचक म्हणेल, नोंद ठेवा. त्याने दाखवलेल्या किती जागी पाणी लागले आणि न विचारता खोदलेल्या किती जागी लागले, ते शेजारी मांडा. आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरात साठते, त्यामुळे अनेक ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. लागलेल्या जागा लोकांच्या लक्षात राहतात, कोरड्या विसरल्या जातात. नंदींचा वाचक विचारील, कर्ज काढून बोअर घेणाऱ्याला दुसरा सल्ला द्यायला बांधावर कोण आले होते? दोन्ही प्रश्न खरे आहेत. मात्र दुसऱ्या प्रश्नाने शेतकऱ्याची अडचण कळते, नारळाला पाणी कळते हे सिद्ध होत नाही.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने यातून वाट काढलेली दिसते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे पाणलोटाची कामे झाली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिके त्यानुसार ठरवायची आणि शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, असे नियम गावाने ग्रामसभेत स्वीकारले. मोजमाप होते, आणि मोजणाऱ्यांत ज्यांचे पाणी होते तेही होते.

मग सरस लेख कोणता? आमच्या मते निवेदन. त्याच्यात चूक सापडली, तर ती दुरुस्त करण्याचे साधन त्याच्याच पद्धतीत आहे. नंदींनी काढलेली चूकसुद्धा पुरावा मागूनच निघाली. पण नंदी नसते, तर ती बहुधा झाकलेलीच राहिली असती. म्हणून दोन्ही लेख एकत्रच वाचावेत.

विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे. प्रत्येक लेखातील एक वाक्य घेऊन त्यातली ‘विज्ञान’ आणि ‘परंपरा’ यांची अदलाबदल करायची. लेखकाला ते वाक्य तरीही मान्य झाले असते का? नसेल, तर माप कोठे बदलले ते शोधायचे. पाठ्यपुस्तकातल्या त्या कर्तव्यात विज्ञाननिष्ठा आणि मानवतावाद एकाच ओळीत आहेत, हेही त्यांना जरूर दाखवावे.