बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’विषयीं

पियानो शिकूं लागलेल्या मुलाच्या हातीं तीन-चार वर्षांनीं एक पातळसें पुस्तक पडतें. त्यावर योहान सेबास्तियान बाख हें भारदस्त नांव असतें, आंत दोन स्वरपंक्तींच्या पंधरा लहान रचना असतात, आणि बहुधा त्यांतील दोन-तीनच वाजवून तें पुस्तक फळीवर परत जातें. या रचनांना ‘इन्व्हेन्शन’ म्हणतात. त्यांच्या जोडीला तीन पंक्तींच्या पंधरा ‘सिंफोनिया’ आहेत. या सर्वांची गणना ‘कडू परंतु गुणकारी’ अशा काढ्यांत झालेली आहे. आणि लहानपणीं तो काढा घेतलेलीं माणसें मोठेपणीं बाखचें नांव निघतांच तोंड वांकडें करितात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. दोष काढ्याचा कीं वैद्याचा, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

मूळ हकीकत अशी. बाखचा थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान हा नऊ वर्षांचा असतांना, १७२० च्या जानेवारींत, कोथेनच्या दरबारीं नोकरीस असलेल्या बापानें त्याच्यासाठीं एक वही घातली. ती आज अमेरिकेंतील येल विद्यापीठांत जपून ठेविलेली आहे. आरंभीं स्वरांचीं नांवें, अलंकारांचा तक्ता, बोटें कशीं टाकावीं याचा एक चिमुकला पाठ. मग हळूहळू रचना, आणि मधून मधून खुद्द मुलाच्या हातचें लिखाण. इन्व्हेन्शन प्रथम या वहींत येतात, त्याही दुसऱ्याच नांवानें. १७२३ सालीं बाखनें नवा क्रम लावून त्यांची स्वच्छ प्रत केली. त्याच्या हयातींत ती छापली गेली नाहीं. बाखचा पहिला चरित्रकार फोर्केल यानें १८०२ सालीं लिहिलें आहे कीं, बाख नवशिक्यांकडून कित्येक महिने नुसती बोटांची मेहनत करवीत असे. परंतु कोणाचा धीर सुटत चालला असें दिसलें म्हणजे तीच मेहनत पोटांत घेतलेल्या लहान लहान रचना त्यास लिहून देत असे. हें पुस्तक अशा कनवाळूपणांतून जन्मलेलें आहे, हें विसरूं नये.

आपल्याकडे पट्ट्यांचें वाद्य म्हटलें कीं पेटी आठवते. पेटींत उजवा हात गातो आणि डावा भाता ओढतो. पियानोच्या पुष्कळ सोप्या रचनांतही डाव्या हाताची स्थिति याहून फारशी बरी नसते. उजव्यानें चाल म्हणावी, डाव्यानें ठेका धरावा. इन्व्हेन्शनमध्यें ही धनी-चाकरांची व्यवस्थाच मोडलेली आहे. पहिलीच घ्या. सा रे ग म रे ग सा, आणि मग पंचमावर उडी. एवढीच तिची मूळ कल्पना. उजव्या हाताचें हें वाक्य संपतें न संपतें तोंच डावा खालच्या सप्तकांत तेंच बोलूं लागतो, आणि उजवा गप्प न राहतां पुढें चालतो. दुसऱ्या आवर्तनांत, ज्यास ते लोक ‘बार’ म्हणतात, तेंच वाक्य पंचमापासून निघतें. तिसऱ्यांत तें उलटें होतें: ध प म ग प म ध, जेथें चढण होती तेथें उतरण. असे एकंदर बावीस बार, आणि या मूठभर स्वरांबाहेरचें त्यांत फारच थोडें. पंधराव्या बारपासून एक मौजेची जागा आहे. एक हात एकच स्वर धरून स्वस्थ राहतो आणि दुसरा बोलतो. मग दुसरा थांबतो आणि पहिला बोलतो. घाईच्या मुलास येथें विश्रांति मिळाल्यासारखें वाटतें. वस्तुतः बोटांपेक्षां कानाला काम आहे तें येथेंच.

रागसंगीतावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना प्रथम या दोन चाली एकदम ऐकूंच येत नाहींत. एक सूर आणि खालीं तंबोरा, ही आमच्या कानाची संवय. त्यावर एक उपाय आम्हांस लागू पडला. उजवी पंक्ति वाजवावी आणि डावी तोंडानें गावी, मग उलट. गळा बसका असला तरी चालतो. शेजाऱ्यांची मात्र क्षमा मागून ठेवावी.

आतां मुख्य मुद्दा. १७२३ च्या प्रतीच्या पहिल्या पानावर बाखनें आपला हेतु स्पष्ट नमूद केला आहे. शिकणाऱ्यास प्रथम दोन व पुढें तीन पंक्ति स्वच्छ वाजवितां याव्या. त्याबरोबरच चांगल्या कल्पना सुचाव्या आणि त्या नीट वाढवितां याव्या. वादन गाण्यासारखें व्हावें. आणि रचना करण्याची गोडी लागावी. यांपैकीं पहिली गोष्ट तेवढी सर्वत्र शिकविली जाते. तिसरीचा उल्लेख होतो. दुसरी आणि चौथी यांचें नांवही निघत नाहीं. म्हणजे ज्या गृहस्थानें करावयास शिकविलें, त्याचें पुस्तक आपण केवळ म्हणून दाखविण्यासाठीं वापरतों. आपल्या गायकीच्या भाषेंत बोलावयाचें तर ती सात-आठ स्वरांची कल्पना ही बंदिश, आणि पुढचे बार ही तिची बढत. बढत येथें लिहून दाखविली आहे, हा फरक मोठा खरा. परंतु गुरूची बढत बारा वर्षें जशीच्या तशी म्हणणाऱ्या शिष्यास आपण गवई म्हणत नाहीं.

कसरतीचें शास्त्र फोफावलें तें पुढें, एकोणिसाव्या शतकांत. चेर्नी हा बेथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरु. त्यास नुसता कवाईतमास्तर म्हणणें अन्यायाचें होईल. हानोंच्या १८७३ सालच्या साठ व्यायामांविषयीं मात्र आमच्या मनांत इतकी माया नाहीं. त्यांनीं बोटें बळकट होतही असतील. परंतु तासभर संगीतावांचून पियानो वाजवितां येतो, ही गोष्ट मुलास शिकवूं नये असें आम्हांस वाटतें.

पंधराही रचना सारख्या योग्यतेच्या आहेत असें मात्र नव्हे. पांचवी आम्हांस नेहमीं थोडी लांबलेली वाटते. आठवींतील एका हातानें दुसऱ्याचा पाठलाग करण्याचा खेळ मुलांना हटकून आवडतो, आणि नववींतील खिन्नता मुलांसाठीं नसावीच. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड यानें १९६४ सालीं या तीसही रचनांचें ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलें, त्यांत प्रत्येक इन्व्हेन्शनमागोमाग त्याच मूळ स्वराची सिंफोनिया ठेविलेली आहे. दोन पंक्ति वेगळ्या ऐकूं येणें म्हणजे काय, हें त्यांत लख्ख कळतें. त्याचा कोरडा, टिचक्या मारल्यासारखा स्वर बाखच्या ‘गाण्यासारखें’ या अटींत बसतो कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. तरी आम्ही तेंच पुनःपुन्हां लावतों.

आमच्या घरांतील एक मुलगी मुंबईंत सहा वर्षें पियानो शिकली. वर्षाला परीक्षेच्या तीन रचना, स्वरमालिका, परीक्षकांचे उत्तम शेरे. एके दिवशीं आम्हीं तिला विचारलें कीं, या पहिल्या इन्व्हेन्शनचें वाक्य तुझ्या हातीं दिलें तर तूं पुढचे दोन बार काय करशील? ती आमच्याकडे पाहतच राहिली. मग हलक्या आवाजांत म्हणाली, “काका, असें करायची परवानगी असते?” आम्हीं तिला फ्रीडमानच्या वहीची गोष्ट सांगितली. चार दिवसांनीं तिनें एक कागद आणून ठेविला. त्यावर पांच बार होते. दोन ठिकाणीं दोन्ही हातांचे स्वर एकमेकांवर सपशेल आदळत होते, आणि चौथ्या बारमध्यें डावा हात काय करीत आहे हें तिलाही सांगतां येईना. पण तें वाक्य उलटें करून कोमल निषादावरून तिनें ज्या रीतीनें घरीं आणलें होतें, ती जागा आम्हीं तिच्याकडून तीनदां वाजवून घेतली.